फ्लॅटचा इन्शुरन्स घेताय? आधी सांगा, पाणी कुठून येणार

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. गोव्यात पर्वरीला तिसऱ्या मजल्यावर ८२ चौरस मीटर कार्पेटचा फ्लॅट आहे, सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात "बिल्डिंगची पॉलिसी आहे, तुम्हाला वेगळी कशाला", बँकेने लोन देताना कसला तरी इन्शुरन्स गळ्यात मारलाय, आणि न्यू जर्सीला कॉन्डोमध्ये, म्हणजे तिकडच्या मालकीच्या फ्लॅटमध्ये, राहणारा मुलगा फोनवर सांगतोय की बाबा माझी स्वतःची वेगळी पॉलिसी आहे, तुम्हीपण घ्या. तिघांत बरोबर कोण?

मुलगा बरोबर आहे, पण त्याच्याकडची गणितं इथे जशीच्या तशी लागू नाहीत. सेक्रेटरी कदाचित अर्धे बरोबर असतील, कागद बघितल्याशिवाय कळणार नाही. बँकेचं खाली सांगतो.

मी वीसेक वर्षं गोव्यात लॉस असेसरचं काम करतोय. म्हणजे क्लेम आला की कंपनी ज्याला घर बघायला पाठवते तो माणूस. घरवाल्यांना वाटतं हा कंपनीचा, कंपनीला वाटतं हा घरवाल्यांना फितूर, दोन्हीकडून बोलणी खायची सवय झालीये. पॉलिसी विकणं हा माझा धंदा नाही, त्यामुळे कुठल्या कंपनीची घ्या ते विचारू नका, घेतलेली पॉलिसी कुठे फसते तेवढं मला चांगलं माहितीये.

आधी मुलाचं. अमेरिकेत कॉन्डो असोसिएशनची एक मास्टर पॉलिसी असते, ती इमारत आणि कॉमन भाग बघते, आणि आतलं सगळं, म्हणजे कपाटं, फरशी, सामान, दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची जबाबदारी, हे मालकाच्या स्वतःच्या पॉलिसीत येतं, तिला तिकडे एचओ-६ म्हणतात. मास्टर पॉलिसी कुठे थांबते ते त्यांच्या असोसिएशनच्या कागदांवर ठरतं. काही ठिकाणी ती नुसत्या उघड्या भिंतींपर्यंत, काही ठिकाणी आतल्या फिटिंगसकट. शिवाय तिकडे 'लॉस असेसमेंट' म्हणून एक भाग असतो, असोसिएशनचा इन्शुरन्स कमी पडला आणि सगळ्या मालकांवर वर्गणी बसली तर त्यातला वाटा त्या पॉलिसीतून मिळतो. आपल्याकडच्या स्टँडर्ड पॉलिसीत असं काही नाही. पण एक गोष्ट मुलाला नक्की सांगा, त्याच्या एचओ-६ मध्ये पूर नाही आणि भूकंपही नाही, ते तिकडे वेगळं घ्यावं लागतं. आपल्या साध्या घराच्या पॉलिसीत दोन्ही आतच आहेत. म्हणजे सगळंच तिकडे भारी असं नाही हो.

आता आपल्याकडचं. १ एप्रिल २०२१ पासून आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, घरांसाठी एकच ठरलेली पॉलिसी आणली, नाव 'भारत गृह रक्षा'. आगीच्या विम्याचा धंदा करणाऱ्या प्रत्येक जनरल इन्शुरन्स कंपनीला ती विकावीच लागते आणि मूळ मजकूर सगळीकडे सारखा. कंपन्या त्यावर आपापले अ‍ॅड-ऑन, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायचे भाग, लावतात आणि भलतंच गोंडस नाव देतात, त्यामुळे एजंटला नाव विचारण्यापेक्षा "आतली पॉलिसी भारत गृह रक्षाच ना" एवढं विचारा. यात आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणं, जमीन खचणं, झाड किंवा गाडी येऊन आदळणं, दंगल, टाकी किंवा पाइप फुटून किंवा भरून वाहिल्याने झालेलं नुकसान, सगळं येतं. दहशतवादसुद्धा, गावात कोणी विचारत नाही पण आहे.

रक्कम कितीची घ्यायची यात नव्वद टक्के लोक चुकतात. फ्लॅट ९० लाखाला घेतला म्हणून ९० लाखाची पॉलिसी, असं नसतं. तुम्ही ९० लाखात जागा, लोकेशन, बिल्डरचा नफा, पर्वरीचं नाव असं सगळं विकत घेतलंय, आणि जमीन काही जळत नाही की वाहून जात नाही. पॉलिसीत मोजायचा तो बांधायचा खर्च, कार्पेट एरिया गुणिले आजचा बांधकामाचा दर. समजा दर चौरस मीटरला ३०,००० धरला, तर ८२ चौरस मीटरचे झाले २४ लाख ६० हजार. बस. ही झाली इमारतीची रक्कम. (गोव्यात आपण चौरस मीटरमध्येच बोलतो ते बरंय, मुंबईहून येणारे स्क्वेअर फूट सांगतात आणि फॉर्मवर गोंधळ घालतात.) दर मात्र खरा धरा, पंधरा वर्षांपूर्वी भावाने घर बांधलं तेव्हाचा नको. सामानासाठी वेगळी यादी दिली नाही तरी इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप धरले जातात, म्हणजे तुमच्या बाबतीत ४ लाख ९२ हजार. तेवढ्यात भागत नसेल तर यादी देऊन वाढवून घ्या. मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, एसी, सागवानी पलंग, एकेक खोली फिरून लिहा, पाच लाख कधी संपतात कळत नाही.

याच पॉलिसीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे अंडर-इन्शुरन्स पूर्ण माफ आहे. पूर्वी काय व्हायचं, घराची किंमत २० लाख आणि तुम्ही १० लाखाचीच काढलेली, मग ४ लाखाचं नुकसान झालं तर हातात २ च लाख, कारण तुम्ही अर्ध्याचाच विमा काढलाय म्हणून बाकी अर्धं तुमचं. हे समजावून सांगताना माणसाचा चेहरा बघवत नसे. आता घरासाठी ते नाही, ठरलेल्या रकमेच्या आत पूर्ण मिळतं. म्हणून मुद्दाम कमीची काढा असं मी म्हणत नाहीये, कारण सगळंच गेलं तर रक्कम तेवढीच मिळणार. एकदम जास्त वर्षांची घेतली, १० वर्षांपर्यंत मिळते, तर रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढत जाते, ते विसराळू लोकांसाठी बरं.

प्रीमियम ऐकून लोक हसतात. एवढ्या रकमेला वर्षाला साधारण हजार-दीड हजाराच्या घरात, कंपनीगणिक कमीजास्त, वर १८ टक्के जीएसटी. चवथीला फटाक्यांवर याहून जास्त उडतात.

आता सोसायटीची पॉलिसी. गोव्यात बऱ्याच ठिकाणी हाउसिंग सोसायटी नसते, मेंटेनन्स सोसायटी असते, फ्लॅटचा सेल डीड तुमच्या नावावर, जमिनीत अविभक्त हिस्सा, आणि सोसायटी फक्त जिना, लिफ्ट, टाकी, पंप, गेट सांभाळते. अशा सोसायटीची पॉलिसी म्हणजे कशाची पॉलिसी? मी बघितलेल्यांत तीन प्रकार आहेत. एकात सगळी इमारत, फ्लॅटसकट. एकात फक्त कॉमन भाग. आणि तिसरा प्रकार म्हणजे सेक्रेटरी छातीठोकपणे सांगतात पॉलिसी आहे आणि फाइल उघडली की २०१७ ला संपलेली. तिसरा प्रकार तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त आढळतो.

सगळ्या इमारतीची असेल तर तुम्ही इमारतीची रक्कम परत स्वतःच्या पॉलिसीत घेऊन काही उपयोग नाही, दोन पॉलिसी म्हणजे दुप्पट पैसे असं होत नाही, दोन्ही कंपन्या वाटून घेतात आणि तुम्ही मध्ये पत्रव्यवहार करत बसता. तेव्हा स्वतःची फक्त सामानाची आणि आतल्या फिटिंगची घ्या. फक्त कॉमन भागाची असेल तर तुमच्या फ्लॅटची इमारत पण तुम्हीच घ्यायची. आणि काहीच नसेल तर फ्लॅटची तुम्ही घ्या आणि जनरल बॉडीत भांडा, कारण तुमच्या पॉलिसीत तुमच्या डोक्यावरचा पत्रा येत नाही.

पत्र्याचं सांगतो. १६ मे २०२१, तौक्ते चक्रीवादळ. त्या आठवड्यात मी दिवसाला पाच-सहा घरं बघत होतो, वीज नाही, मोबाइल बंद, रस्त्यावर माड आडवे. म्हापशाकडे एका चार मजली बिल्डिंगच्या टेरेसवरचे पत्रे अँगलसकट उडून शेजारच्या शेतात, वरच्या मजल्यावरच्या दोन फ्लॅटमध्ये रात्रभर पाणी. एकाकडे स्वतःची पॉलिसी होती, त्याला आतलं सीलिंग, रंग, गाद्या, कपाटं यांचे पैसे मिळाले, वादळाने पत्रा उडाला आणि म्हणून पाणी आलं, साखळी सरळ होती. दुसऱ्याकडे नव्हती. पण पत्र्यांचे पैसे कोणालाच नाही मिळाले, कारण पत्रे सोसायटीचे आणि सोसायटीची पॉलिसी नाही. मग वर्गणी. तळमजल्यावाले म्हणे आमच्या घरात पाणी आलंच नाही, आम्ही का द्यायचे. दोन पावसाळे ताडपत्रीवर काढले त्या लोकांनी. तिकडचा तो लॉस असेसमेंटचा प्रकार इथे असता तर निदान ज्याच्याकडे पॉलिसी होती त्याचा वाटा तरी निघाला असता.

बिल्डिंगखाली दुकानं असतील तर अजून एक गाठ आहे. भारत गृह रक्षा राहत्या घरांसाठी, दुकानांचा भाग वेगळ्या पॉलिसीत जातो आणि लहान धंद्यांच्या त्या पॉलिसीत अंडर-इन्शुरन्स १५ टक्क्यांपर्यंतच माफ आहे. खाली फार्मसी, बार आणि झेरॉक्स, वर बारा फ्लॅट, अशा बिल्डिंगची सगळी मिळून एकच जुनी पॉलिसी रिन्यू करत राहिलेले सेक्रेटरी मी बघितलेत. त्यांना हे कोणी सांगितलेलंच नसतं.

आणि एक गोष्ट ज्यावर कोणी विचार करत नाही. दुसरा मजला बांधल्याशिवाय तिसरा बांधता येत नाही. इमारत पूर्ण गेली तर तुमची एकट्याची पॉलिसी तुमच्या भागाचा बांधकाम खर्च देईल, पण खालच्यांकडे पैसे नसतील तर तुम्ही ते पैसे घेऊन बांधणार कुठे? म्हणून फ्लॅटला खरं तर सगळ्या इमारतीची एकच पॉलिसी आणि प्रत्येकाची सामानाची वेगळी, ही सगळ्यात शहाणपणाची रचना. सेक्रेटरींना हेच पटवा.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी खरं तर मी लिहायला बसलो. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, माझ्याकडे येणारे दहातले सात क्लेम पाण्याचे, आणि प्रत्येक घरात शिरल्यावर माझा पहिला प्रश्न एकच असतो, पाणी कुठून आलं? नुकसान तेच, भिंत तीच, पण उत्तर बदललं की पैसे मिळणार की नाही ते बदलतं.

नदी फुगून घरात आलं, तर तो पूर, मिळतात. २३ जुलै २०२१ ला म्हादईने सत्तरीत आणि खालच्या भागात जे केलं त्यात हा प्रश्नच आला नाही. वरच्या मजल्यावरची टाकी भरून वाहिली, पाइप फुटला, फ्लशचा व्हॉल्व्ह गेला आणि तुमचं छत भिजलं, मिळतात. मात्र फुटलेल्या पाइपचा स्वतःचा खर्च नव्हे, त्याच्या पाण्याने जे बिघडलं त्याचा. वादळाने खिडकीची काच फुटली आणि पाऊस आत आला, मिळतात.

पण बाहेरच्या भिंतीला बारीक तडे गेलेत, बिल्डरने वॉटरप्रूफिंग केलंच नव्हतं, जून सुरू झाला की बेडरूमची भिंत ओली, ऑगस्टपर्यंत काळी बुरशी, कपाटातले कपडे वासाचे, यात एक पैसा मिळत नाही. ही गळती, हळूहळू झालेलं नुकसान, घटना नाही. वरच्यांच्या बाथरूममधून झिरपणारं पाणी तसंच. खिडकी उघडी ठेवून गावी गेलात आणि पाऊस आत आला, तेही नाही. पाऊस म्हणजे धोका नव्हे, वादळ आणि पूर म्हणजे धोका. हे ऐकल्यावर लोक म्हणतात "मग गोव्यात पॉलिसीचा उपयोग काय", आणि खरं सांगायचं तर मलाही उत्तर देताना अवघडतं. ओलीसाठी पॉलिसी नाही, त्यासाठी बिल्डर. रेरा कायद्यात, म्हणजे बिल्डर आणि घर घेणारे यांच्यासाठीच्या कायद्यात, ताबा दिल्यापासून ५ वर्षं बांधकामातले दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात, कळवल्यापासून ३० दिवसांत. नवीन फ्लॅटवाल्यांनी पहिल्या पावसाळ्यात प्रत्येक ओला डाग तारखेसकट फोटो काढून लेखी पाठवावा. लेखी हां, व्हॉट्सअ‍ॅपवर "भाऊ जरा बघा" नव्हे.

यात मधली एक अवघड जागा आहे. पत्र्याचे हुक गंजलेले, आणि सोसाट्याच्या वाऱ्यात दोन पत्रे सरकले. वादळ की मेंटेनन्स? इथे मी तारीख बघतो, त्या दिवशीचा पणजीत आल्तिनोवरच्या वेधशाळेचा अहवाल बघतो, शेजारच्या झाडांचं काय झालं ते बघतो, आणि हुक बघतो. तुम्ही काय करायचं? दरवर्षी मे महिन्यात सोसायटीने पत्र्यांची, पन्हाळींची डागडुजी केली त्याचं बिल जपून ठेवायचं. ते एक बिल माझ्यासमोर आलं की अर्धा वाद तिथेच संपतो.

डोंगर कापून उभ्या केलेल्या बिल्डिंगवाल्यांसाठी एवढंच, दरड आणि जमीन खचणं पॉलिसीत आहे, पण नवीन इमारत बसताना पडणारे नेहमीचे तडे, भराव टाकलेली जमीन दबणं, समुद्राने किंवा नदीने किनारा खाणं आणि सदोष डिझाइन किंवा बांधकाम हे नाही. ४ जानेवारी २०१४ ला काणकोणला चावडीवर बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली ते तुम्हाला आठवत असेल. त्यानंतर कित्येक जण मला विचारायचे, आमची पडली तर? भूकंपाने, पुराने पडली तर पॉलिसी, बिल्डरने कमी सळया घातल्या म्हणून पडली तर कोर्ट.

पाण्यानंतर वीज. आपल्याकडे मे अखेरीस आणि ऑक्टोबरात गडगडाट झाला की व्होल्टेज असा नाचतो की टीव्ही, फ्रीजचा बोर्ड, इन्व्हर्टर एकाच रात्री गेलेले असतात. पॉलिसीत 'वीज पडणे' लिहिलंय म्हणून लोक क्लेम टाकतात आणि नाकारला जातो, कारण शॉर्ट सर्किट, जास्त दाब, विजेची गळती यांनी त्याच यंत्राचं झालेलं नुकसान बाहेर ठेवलंय, मूळ कारण आकाशातली वीज असली तरी. त्या फ्रीजने पेट घेऊन किचन जळालं तर किचनचे मिळतात, फ्रीजवरून वाद. यासाठी इलेक्ट्रॉनिक किंवा घरगुती उपकरणांच्या ब्रेकडाउनचा वेगळा भाग घ्यावा लागतो. घ्यायचा की नाही? चार एसी आणि मोठा टीव्ही असेल तर घ्या, नाहीतर एक चांगला स्टॅबिलायझर स्वस्त पडतो.

चोरी. हा सगळ्यात मोठा गैरसमज. भारत गृह रक्षात चोरी फक्त एवढीच, की आग, पूर, वादळ असं काही झालं आणि त्यामुळे ७ दिवसांच्या आत चोरी झाली. बाकी कुलूप तोडून झालेली घरफोडी हा वेगळा भाग, तो मुद्दाम मागावा लागतो. दागिन्यांचंही तसंच, मौल्यवान वस्तूंचा भाग पर्यायी आहे, एकूण ५ लाखांपर्यंत आणि एकेक वस्तू १ लाखाच्या आत असेल तर व्हॅल्युएशन सर्टिफिकेट लागत नाही. पण तो भाग घेतला म्हणजे चोरी आली असं नव्हे, धोके तेच राहतात. आणि गोव्याचा प्रश्न म्हणजे बंद फ्लॅट. निम्मे मालक तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, नाहीतर आखातात किंवा लंडनला. घरफोडीच्या बहुतेक पॉलिसींत घर सलग इतके दिवस बंद राहिलं तर कव्हर थांबतं अशी अट असते, दिवसांचा आकडा कंपनीगणिक वेगळा, तो शोधून काढा आणि बाहेर जायच्या आधी कंपनीला ईमेल करून परवानगी घ्या. एका घरी मी गेलो होतो, मालक सात महिने बोटीवर, बाल्कनीची ग्रिल कापून आतलं सगळं नेलेलं, नळसुद्धा. पॉलिसी होती, प्रीमियम भरलेला, अट मोडलेली. बायको बिचारी पॉलिसीचा कागद मला तीनदा दाखवत राहिली.

भाड्याचं विचारलं नाहीत पण पर्वरी म्हटल्यावर सांगून ठेवतो. वर्षाच्या करारावर भाडेकरू ठेवला तर कंपनीला कळवा, चालतं, आणि आग-पुराने घर राहण्यालायक नाही राहिलं तर बुडालेलं भाडं किंवा तुम्ही दुसरीकडे राहिलात त्याचं भाडं पॉलिसीतच आहे. भाडेकरूचं सामान मात्र त्याचं त्याने बघायचं. पण पर्यटकांना दोन-दोन रात्रींसाठी देणार असाल तर ते घर राहिलं नाही, धंदा झाला. त्याला पर्यटन खात्याकडे १९८२ च्या टुरिस्ट ट्रेड कायद्याखाली नोंदणी लागते आणि पॉलिसी पण धंद्याची लागते. घराच्या पॉलिसीवर होमस्टे चालवणाऱ्यांची संख्या बघता पुढची काही वर्षं मला काम कमी पडणार नाही असं दिसतंय.

बाल्कनी बंद करून खोली केलीत का? कार्पेट एरिया १० टक्क्यांहून जास्त वाढला आणि कंपनीला कळवून जादा प्रीमियम भरला नाही तर तो वाढीव भाग पॉलिसीबाहेर.

बँकेचं. लोनबरोबर जो इन्शुरन्स मिळाला त्याचा कागद काढा. बहुतेक वेळा तो तुमच्या जिवाचा असतो, म्हणजे तुमचं काही बरंवाईट झालं तर कर्ज फिटतं, भिंतींशी त्याचा संबंध नाही. कधीकधी घराचाही असतो, पण रक्कम कर्जाएवढी, सामान शून्य, आणि क्लेमचा चेक आधी बँकेकडे जातो. हप्त्यात मिसळलेला असल्याने दहा जणांतल्या आठांना माहीतच नसतं आपल्याकडे काय आहे. बँक तिच्याच ओळखीच्या कंपनीची घ्या असा हट्ट धरत असेल तर धरू देऊ नका.

तुमच्या गीझरचा पाइप फुटून खालच्यांचं फॉल्स सीलिंग कोसळलं तर? तुमची पॉलिसी तुमच्या घराचं देईल, त्यांचं नाही. त्यांच्याकडे असेल तर त्यांची कंपनी देईल. हे नको असेल तर थर्ड पार्टी लायबिलिटीचा छोटा अ‍ॅड-ऑन मिळतो, फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने तो घ्यावाच असं माझं मत. सामानापेक्षा आधी तो घ्या म्हणेन, कारण सोफा परत घेता येतो, शेजारी नाही.

स्वयंपाकाच्या गॅसबद्दल मात्र एक फुकटची गोष्ट आहे. तेल कंपन्यांनी सगळ्या नोंदणीकृत ग्राहकांसाठी विमा काढलेला असतो, सिलिंडरमुळे अपघात झाला तर मृत्यूसाठी माणशी ६ लाख, उपचारासाठी माणशी २ लाखांपर्यंत आणि एका घटनेला मिळून ३० लाख, घराच्या नुकसानीसाठी २ लाखांपर्यंत. एक पैसा भरावा लागत नाही. फक्त कनेक्शन त्याच पत्त्यावर हवं आणि एजन्सीला लगेच लेखी कळवायला हवं. आजीच्या नावाचं कनेक्शन साखळी गावच्या पत्त्यावर आणि सिलिंडर पर्वरीत, असं असेल तर उद्याच बदलून घ्या.

क्लेम झाला तर काय करायचं ते सांगतो, यात माझा स्वार्थ आहे, माझं काम सोपं होतं. पाणी उपसायच्या आधी व्हिडिओ काढा, दारापासून सुरू करून एका दमात, पाण्याची रेघ भिंतीवर कुठपर्यंत आहे ती दिसली पाहिजे. त्याच दिवशी कंपनीला कळवा. भिजलेल्या गाद्या, फुगलेलं प्लायवूड फेकू नका, आमचा माणूस येईपर्यंत पॅसेजमध्ये रचून ठेवा, वास आला तरी. आग असेल तर अग्निशमन दलाचा रिपोर्ट, चोरी असेल तर एफआयआर, झाड पडलं असेल तर झाड घरावर असतानाचा फोटो, कापून बाजूला केल्यावरचा नव्हे. सुताराकडून, रंगाऱ्याकडून लेखी एस्टिमेट घ्या आणि ते खरं असू द्या. वीस हजाराच्या कामाचं साठ हजारांचं एस्टिमेट आणलं की मी बाकीच्या खऱ्या गोष्टींवर पण संशय घ्यायला लागतो, माणूस आहे शेवटी. आणि मला चहा नाही पाजलात तरी चालेल, कारण मात्र खरं सांगा. "वरून गळत होतं दोन वर्षं" हे शेजारची काकू मला जिन्यातच सांगून टाकते, नेहमी.

कंपनीने नाकारलं किंवा कमी दिलं आणि तुम्हाला पटत नसेल तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी, तिथे महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर विमा लोकपाल. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात, फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या उत्तरापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. माझे रिपोर्ट तिथे दोनदा उलटलेत, एकदा मी चुकलो होतो हे मान्य.

तर तुमच्यापुरतं आता असं करा. सेक्रेटरींकडून सोसायटीच्या पॉलिसीचं शेड्यूल मागा, सगळी पॉलिसी नको, पहिली दोन पानं पुरे. त्यात पहिलं बघायचं मुदत कधी संपते. दुसरं, मालमत्तेच्या वर्णनाचा रकाना, तिथे "बिल्डिंग विथ ऑल फ्लॅट्स" असं काही आहे की फक्त जिना, लिफ्ट, पंपरूम. तिसरं, रक्कम, तिला सगळ्या फ्लॅटच्या मिळून चौरस मीटरने भागा, दर आठ-दहा हजार निघाला तर समजा कोणीतरी पंधरा वर्षांपूर्वीचा आकडा ओढत आणलाय. सगळे फ्लॅट आत असतील आणि दर ठीक असेल तर तुम्ही फक्त सामान, घरफोडी आणि लायबिलिटी घ्या. नसतील तर २४ लाख ६० हजारांची इमारत तुमच्या नावावर आणि वर हे तीन. मे संपायच्या आत घ्या, समुद्रात वादळ तयार झाल्याची बातमी आली की कंपन्या नव्या पॉलिसी देताना हात आखडता घेतात, आणि त्या वेळी तुम्हाला एजंटचा फोनही लागणार नाही.